तुला काम करताना कोण बघणार?

पत्र

ताई, मी क्रीडा अभ्यासाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात आम्हाला ‘पर्यवेक्षित मार्गदर्शन’ हा विषय सक्तीचा आहे. बाहेरच्या संस्थेत १२० तास काम, तिथे एक मेंटॉर (जागेवरचा मार्गदर्शक), विभागातर्फे एक पर्यवेक्षक, आधी मंजूर करून घेतलेली उद्दिष्टं, दर आठवड्याची नोंदवही, मधलं मूल्यमापन आणि शेवटी अहवाल अशा अटी आहेत. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. ज्यांच्याकडे मी लहानपणापासून फुटबॉल खेळले ते सर तयार आहेत. गेला सगळा मोसम मी त्यांच्याकडच्या १४ वर्षांखालच्या मुलींचा वॉर्म-अप घेतला, तेच १२० हून जास्त तास झाले असतील. ते म्हणतात, “तू अधूनमधून येत जा, तासांचं मी बघतो.” दुसरीकडे एका अकादमीत स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगच्या, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि शारीरिक तयारी करून घेणाऱ्या, कोच मॅडम आहेत. त्यांनी आधीच सांगितलं की पहिले दोन आठवडे नुसतं बघायचं, नंतर मी सेशन घेईन तेव्हा त्या मध्येच थांबवतील आणि दर आठवड्याला एक तास समोरासमोर बसायचं. मला भीती वाटते. त्यांनी वाईट शेरा दिला तर? सरांना नाही म्हणणंही जिवावर येतं. शिवाय मी अर्धवेळ नोकरी करते आणि दोन्हीकडे पैसे मिळणार नाहीत. गेल्या मोसमाचे तास धरता येतील का? आणि उद्दिष्टांच्या रकान्यात नेमकं लिहायचं काय?

उत्तर

मॅडमकडे जा. तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू भीती म्हणून लिहिलं आहेस: मी सेशन घेत असताना त्या मध्येच थांबवतील. या विषयातले तास, सह्या, फॉर्म, नोंदवही हे सगळं ज्या गोष्टीसाठी मांडलेलं आहे ती हीच. तू काम करत असताना कुणीतरी जाणतं माणूस तिथे उभं असावं आणि त्याने काय पाहिलं ते तुला सांगावं. सर तुला १२० तास द्यायला तयार आहेत. तुझं काम बघायला ते तयार आहेत, असं मला तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही.

गेल्या मोसमाच्या तासांबद्दल विभागात जरूर विचार, पण उत्तर नकारार्थी येईल असं धरूनच चाल. आधी मंजुरी आणि मग काम हा क्रम म्हणजे कारकुनी हट्ट नाही. मंजुरी देताना विभाग म्हणत असतो की ही आमची विद्यार्थिनी आहे आणि तिथल्या तिच्या कामाची जबाबदारी आम्ही घेतो. विद्यार्थ्यांसाठी विमा असेल तर तोही सहसा मंजूर झालेल्या कामालाच लागू होतो. गेल्या मोसमात तू घेतलेल्या सरावात एखादी मुलगी जायबंदी झाली असती, तर तू तिथे कोण म्हणून उभी होतीस याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आणि दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे. ते काम होतं, पण ते पर्यवेक्षित नव्हतं.

तुझ्या वॉर्म-अपचंच घे. फुटबॉलमध्ये पुष्कळ ठिकाणी ‘फिफा ११ प्लस’ हा क्रम वापरतात. त्यात तीन भाग, १५ व्यायाम आणि साधारण २० मिनिटं असतात. आधी हलकं धावणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगाने धावणं. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर याची चाचणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि हा क्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी आढळल्या. मात्र या व्यायामांचा जीव ते कसे केले जातात यात आहे. उडी मारून खाली येताना गुडघा आत झुकता कामा नये, तो पावलाच्या रेषेत राहायला हवा. पंधरा मुली एकदम उड्या मारत असतात तेव्हा नवख्या प्रशिक्षिकेची नजर घड्याळावर असते, नाहीतर समोरच्या रांगेवर. मागे तिघींचे गुडघे आत जात आहेत हे तिला दिसत नाही, आणि आपल्याला ते दिसत नाही हेही तिला कळत नाही. ते कळतं बाजूला वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. तुझ्या बाबतीत असं झालं असेल किंवा नसेलही, पण सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून ते तास या विषयात बसत नाहीत. वाया मात्र ते गेलेले नाहीत. अर्जात ‘पूर्वानुभव’ म्हणून ते लिही, मॅडमनाही सांग. एक मोसम मुलींसमोर उभं राहिलेली विद्यार्थिनी आणि पहिल्यांदाच शिट्टी हातात घेणारी विद्यार्थिनी यांना वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करून देता येते.

आता १२० या आकड्याकडे बघ. तो हवेतून आलेला नसतो, श्रेयांकाच्या, म्हणजे क्रेडिटच्या, हिशेबातून येतो. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. अमेरिकी पद्धतीत एका सत्राचं एक क्रेडिट साधारण ४५ तासांच्या आसपास जातं. तुझ्या विभागाचा हिशेब काय आहे आणि त्यात अहवाल लिहिण्याचा वेळ धरला आहे की नाही, हे माहितीपत्रकात शोध. नसेल तर लेखी विचारून घे. अर्धवेळ नोकरी सांभाळणाऱ्या मुलीला या एका प्रश्नाच्या उत्तराने बराच फरक पडतो. १५ आठवड्यांचं सत्र असेल तर १२० तास म्हणजे आठवड्याला आठ. नोकरीमुळे हे सगळे तास तीन-चार आठवड्यांत कोंबायचा मोह होईल. तसं करू नकोस. सोमवारी मिळालेली सूचना गुरुवारच्या सेशनमध्ये वापरून बघायची, ती फसली तर पुढच्या सोमवारी पुन्हा विचारायचं, या येरझाऱ्यांतच शिकणं होतं आणि त्यांना आठवडे लागतात. दोन सत्रांत तास विभागून मिळतात का, हेही आत्ताच विचार. सत्र सुरू झाल्यावर ते सहसा जमत नाही.

तासांच्या आत काय असावं याचा चांगला नमुना व्यावसायिक संस्थांकडे सापडतो. अमेरिकेतली उपयोजित क्रीडा मानसशास्त्राची संघटना प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा मेंटॉरसह अनुभव मागते. त्यातले किमान २०० तास खेळाडूंसोबत थेट काम करण्याचे आणि किमान ५० तास मेंटॉरसोबत बसण्याचे. त्या बसण्यातला काही भाग तुझं प्रत्यक्ष काम किंवा त्याचं रेकॉर्डिंग पाहूनच झालेला असावा लागतो. म्हणजे दर आठ तास कामामागे एक तास मेंटॉरचा. हे प्रमाण तुझ्या १२० तासांना लावलं तर १५ तास होतात, आठवड्याला एक. मॅडमनी तुला नेमकं तेच सांगितलं आहे. त्यांनी कुठला नियम वाचून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ज्यांनी माणसं घडवली आहेत त्यांना हे प्रमाण हाताला लागलेलं असतं.

याच निमित्ताने पुढचंही पाहून ठेव. पदवीनंतर तुला एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र किंवा नोंदणी हवी असेल तर हे तास तिथे धरले जातात का, ते मेंटॉरच्या पात्रतेवर अवलंबून असू शकतं. ऑस्ट्रेलियात व्यायाम विज्ञानाच्या मान्यतेसाठी १४० तासांचं प्रात्यक्षिक लागतं आणि क्लिनिकल शाखेकडे जायचं तर त्यावर आणखी ३६०. ते पात्र व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे लागतात. स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचं जगभर चालणारं एक मोठं अमेरिकी प्रमाणपत्र २०३० पासून फक्त मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या पदवीधरांनाच परीक्षेला बसू देणार असल्याचं जाहीर झालं आहे. तुला नेमकं कुठे जायचं आहे ते तू लिहिलेलं नाहीस. अजून ठरलं नसेल तरी हरकत नाही, पण मॅडमची पात्रता कोणती आहे ते फॉर्ममध्ये नीट, पूर्ण लिही.

फॉर्मवर दोन माणसांच्या सह्या आहेत आणि मुलं त्या दोघांत गल्लत करतात. मेंटॉर जागेवरचा, तो तुझं काम बघतो. विभागाचा पर्यवेक्षक तुझं शिकणं बघतो. संस्था तुला फक्त शंकू मांडायला आणि बाटल्या भरायला लावत असेल तर मध्ये पडणं हे त्याचं काम आहे, आणि शेवटचे गुणही सहसा तोच देतो. काही पर्यवेक्षक उंटावरून शेळ्या हाकतात. सत्र संपताना एकदा फोन करतात आणि झालं. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून दोन तारखा मागून घे: जागेवर कधी येणार आणि मधलं मूल्यमापन कधी. यायला जमणार नसेल तर तुझ्या सेशनचं रेकॉर्डिंग पाहायची विनंती कर. मुलींचं चित्रीकरण करायचं तर पालकांची आणि अकादमीची लेखी संमती आधी लागेल.

उद्दिष्टांच्या रकान्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त पाट्या टाकल्या जातात त्या इथेच. ‘प्रशिक्षणाचा अनुभव घेणे’, ‘संवादकौशल्य वाढवणे’, ‘संघभावना समजून घेणे’ अशी उद्दिष्टं मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. ती चुकीची नाहीत, पण ती पुरी झाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, ना विद्यार्थिनीला, ना मेंटॉरला. उद्दिष्ट असं लिही की दुसऱ्या माणसाला ते मैदानाच्या कडेला उभं राहून दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ: ‘नवा व्यायाम शिकवताना तोंडी सूचना अर्ध्या मिनिटात संपवून प्रात्यक्षिकाकडे वळेन.’ किंवा, ‘उड्यांच्या व्यायामात जागा बदलत राहीन आणि प्रत्येक मुलीचं खाली येणं किमान एकदा बाजूने आणि एकदा समोरून बघेन.’ किंवा, ‘आठव्या आठवड्यापर्यंत एका गटासाठी चार आठवड्यांचा ताकदीचा कार्यक्रम स्वतः आखेन आणि प्रत्येक व्यायाम का घेतला हे मॅडमना तोंडी पटवून देईन.’ अशी तीन पुरेत, चार फार झाली. ती एकटीने घरी बसून लिहू नकोस. कच्ची लिहून मॅडमकडे घेऊन जा आणि विचार, यातलं तुम्हाला प्रत्यक्ष बघता येईल असं कोणतं? ज्याला त्या ‘हे मला दिसणार नाही’ म्हणतील ते काढून टाक. सहाव्या आठवड्यात मी काय करत असेन, हेही त्यांना विचार. याचं ठोस उत्तर मिळालं तर तुझ्यासाठी तिथे जागा आहे असं समज. “बघू, पडेल ते काम” असं आलं तर नाव कितीही मोठं असो, काळजी करण्यासारखं आहे.

नोंदवहीचंही असंच. ‘आज तीन तास सराव घेतला, छान झाला’ ही हजेरी झाली. पुष्कळ विभाग अनुभवावर विचार करण्यासाठी गिब्स या अभ्यासकाचं १९८८ चं चक्र वापरायला सांगतात: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, तसं का झालं, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार. विद्यार्थी दुसऱ्या पायरीवर दोन पानं लिहितात आणि सहावी सोडून देतात. तू उलट कर. वाटण्यावर दोन ओळी आणि ‘पुढे काय करणार’ यावर एक नेमकं वाक्य, जे पुढच्या सेशनमध्ये तपासता येईल. त्याच संध्याकाळी लिही. रविवारी बसून आठवड्याभराचं लिहिलेलं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं. आणि वहीत मुलींची खरी नावं नकोत, खुणेची अक्षरं वापर. कुणाची दुखापत, कुणाचं वजन, कुणाच्या घरची अडचण हे तुझ्या अहवालातून बाहेर पडता कामा नये.

अल्पवयीन खेळाडूंचा विषय निघालाच आहे तर एक अट अशी आहे जी कुणीही विसरू नये. अकादमी तुझी पार्श्वभूमी तपासणार असेल तर त्या कागदपत्रांना वेळ लागतो, आजच विचारणा कर. आणि कुणी काहीच विचारलं नाही तर ती सोय समजू नकोस, ती त्या संस्थेतली उणीव आहे. खेळातल्या लैंगिक शोषणाची प्रकरणं उघड झाल्यावर अमेरिकेत २०१८ साली स्वतंत्र कायदा झाला. अधिकाराच्या जागी असलेल्या मोठ्या माणसाने हाताखालच्या अल्पवयीनांशी लैंगिक संबंध ठेवू नयेत असं सांगणारा ‘विश्वासाच्या पदा’चा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली क्रीडा प्रशिक्षकांनाही लागू केला गेला. हे नियम ज्या वागण्यासाठी आहेत ते विद्यार्थिनीलाही तितकंच लागू आहे. कुठल्याही मुलीबरोबर बंद खोलीत एकटी थांबू नकोस, खासगी निरोप पाठवू नकोस, सगळा संपर्क पालक आणि अकादमीच्या गटातून ठेव. कुणी मुलगी तुला काही गंभीर सांगेल तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. ते कुणाला कळवायचं हे पहिल्याच दिवशी माहीत करून घे.

आपल्या कामाची हद्दही तशीच पहिल्या दिवशी कळायला हवी. समज, डोकं आपटून एखादी मुलगी गोंधळल्यासारखी दिसली. तिला मैदानाबाहेर काढणं कुणालाही करता येतं, तुलाही, आणि शंका असली तरी काढायचंच. तिला परत खेळू द्यायचं की नाही, हे तू ठरवायचं नाही, मॅडमनीही नाही. खेळात डोक्याला बसणाऱ्या माराविषयी ॲमस्टरडॅमला २०२२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर आलेल्या तपासणीच्या साधनांतही ही विभागणी स्पष्ट आहे. सविस्तर तपासणीचं साधन वैद्यकीय व्यावसायिकांसाठी आहे, आणि मैदानावरच्या बाकीच्यांसाठी फक्त लक्षणं ओळखण्याचं छोटं पत्रक. ते पत्रक मिळवून जवळ ठेव.

पैशांचं म्हणशील तर प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रमाचा भाग असलेलं एक वर्षापर्यंतचं काम किमान वेतनाच्या कायद्यातून वगळलेलं आहे, कारण ते शिकणं मानलं जातं. मग त्यात शिकणं असायलाच हवं असा आग्रह धरायचा तुला पुरेपूर हक्क आहे. पगारी माणसाच्या जागी तुला बिनपगारी उभं करत असतील तर पर्यवेक्षकांना सांग.

आता सर. घोडं इथेच पेंड खातंय, हे मला कळतं. ‘तासांचं मी बघतो’ हे ते मायेपोटी म्हणत आहेत यात मला शंका नाही. पण न केलेल्या तासांवर घेतलेली सही म्हणजे खोटं कागदपत्र. ते उघडकीला आलं तर तुझी पदवी अडकेल आणि त्यांचं इतक्या वर्षांचं नाव खराब होईल. त्यांच्यावर प्रेम असेल तर त्यांना त्यात ओढू नकोस. तू म्हणशील, त्यांनी खरोखर बघायचं कबूल केलं तर? तरी मी मॅडमकडेच जायला सांगेन. ते तुला इतकी वर्षं ओळखतात की तुझं सेशन बघताना त्यांना त्यांची जुनी खेळाडू दिसेल. कॅथी क्रॅम या अभ्यासिकेने १९८० च्या दशकात मेंटॉरच्या कामाचे दोन भाग सांगितले: कामात पुढे नेणं आणि मनाने आधार देणं. दोन्ही एकाच माणसाकडून मिळायला हवेत असं काही नाही. सरांकडून तुला दुसरा भाग भरभरून मिळाला आहे आणि तो पुढेही लागणार आहे, विशेषतः ज्या दिवशी मॅडमनी सेशन तीनदा थांबवलेलं असेल त्या दिवशी. त्यांना फोनवर सांगू नकोस, जाऊन भेट. म्हणावं, “सर, तुमच्याकडे मी जे शिकले ते परक्या माणसासमोर टिकतं का हे मला बघायचंय.” ज्याने आयुष्यभर पोरांना सामन्यांना उतरवलं त्या माणसाला हे कळेल.

राहिला वाईट शेरा. मधलं मूल्यमापन बहुतेक ठिकाणी गुणांसाठी नसतं, दिशा बदलण्यासाठी असतं. तुमच्याकडे काय आहे ते पाहून घे. मॅडमबरोबर खरंच जमत नसेल, म्हणजे ठरलेली भेट सतत टळते आहे किंवा अपमान होतो आहे, तर ते बोलायची जागा तीच आहे. तेव्हा मूग गिळून बसायचं आणि शेवटच्या अहवालात तक्रार करायची, असं करू नकोस, तोवर कुणाच्याच हातात काही उरत नाही. पण त्यांनी ‘सूचना लांबतात, मागच्या रांगेकडे लक्ष नाही’ असं लिहिलं, तर घाबरू नकोस. सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’वर खुणा केलेले फॉर्म माझ्यापुढे येतात तेव्हा त्यावरून मला त्या विद्यार्थ्याबद्दल काहीच कळत नाही. सातव्या आठवड्यात ‘मागच्या रांगेकडे लक्ष नाही’ आणि चौदाव्या आठवड्यात ‘आता फिरत राहते, दोघींचं खाली येणं स्वतःहून सुधारलं’ असं जिथे लिहिलेलं असतं, त्या फॉर्मला मी निर्धास्तपणे चांगले गुण देते.